हिरवा पडलेला बटाटा आणि त्याला आईकडून मिळालेला डीएनए

बटाट्यांची टोपली खिडकीपाशी राहिली, की आठ-दहा दिवसांत एखाद्या बटाट्याच्या सालीखाली हिरवट छटा चढते. आमच्याकडे आई असा बटाटा सोलताना हिरवा भाग चांगला खोलवर कापून टाकायची. कडू लागतो आणि पोटाला बाधतो, असं ती सांगायची, आणि ते बरोबरच होतं. उजेड लागला की बटाट्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. हिरवा रंग मात्र त्या विषाचा नसतो. तो हरितद्रव्याचा असतो, पानात असतं त्याच हरितद्रव्याचा. जमिनीखाली अंधारात वाढलेल्या, पिठानं भरलेल्या कंदात हरितद्रव्य आलं कुठून?

ते बनवणारी यंत्रणा बटाट्यात आधीपासून होती. वनस्पतीच्या पेशीत लवक नावाचे बारीक कण असतात. पानात ते हिरवे असतात, म्हणून त्यांना हरितलवक म्हणतात. सूर्यप्रकाशातून साखर बनवायचं काम तिथे चालतं. बटाट्याच्या कंदात हेच लवक बिनरंगाचे राहतात आणि स्टार्च साठवतात. उजेड मिळाला की त्यांतले काही हिरवे होऊ लागतात. मिरची झाडावर पिकून लाल होते, तेव्हा उलटी गोष्ट घडते: हरितलवक आपलं हरितद्रव्य मोडून टाकतात आणि लाल रंगद्रव्यानं भरून जातात. टोमॅटोचंही तसंच. २००८ साली टोमॅटोच्या पिकत जाणाऱ्या फळाचा या अंगानं अभ्यास झाला. फळ लाल होताना लवकातली बहुतेक जनुकं जवळजवळ गप्प होतात आणि एकच जनुक जोमानं काम करत राहतं, मेदाम्लं बनवायला लागणारं. म्हणजे कोठार असो, कारखाना असो की रंगाची कुपी, आतला डीएनए तोच.

हो, लवकाला स्वतःचा डीएनए असतो, आणि या लेखात त्याचीच गोष्ट सांगायची आहे. बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची, तंबाखू, धोत्रा, अश्वगंधा, रिंगणी, अंगणातली रातराणी ही सगळी एकाच कुळातली, सोलॅनेसी कुळातली. आपण सोयीसाठी त्याला वांग्याचं कुळ म्हणू. या कुळातल्या हरितलवकांचे डीएनए शेजारी शेजारी ठेवून वाचले, की सुरुवातीला ते कंटाळा येण्याइतके सारखे दिसतात. मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. मजकूर इतका सारखा आहे म्हणूनच त्यातला एकेक फरक बोलका होतो.

पण आधी हा डीएनए तिथे कसा आला ते पाहू. हरितलवकाचे पूर्वज मोकळे जगणारे जिवाणू होते, नीलहरित जिवाणूंचे भाऊबंद. अब्जावधी नाही म्हटलं तरी एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी त्यांतला एक दुसऱ्या पेशीच्या आत गेला आणि तिथेच नांदू लागला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी ती नव्यानं उचलली, आणि पुढे डीएनए वाचता येऊ लागल्यावर शंका उरली नाही. डीएनएचा मजकूर चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी आणि सी. आजच्या एका मोकळ्या नीलहरित जिवाणूच्या डीएनएत पस्तीस लाखांहून अधिक अक्षरं आणि तीन हजारांवर जनुकं आहेत. तंबाखूच्या हरितलवकात अक्षरं सुमारे १ लाख ५६ हजार आणि वेगवेगळी जनुकं जेमतेम शंभर-सव्वाशे.

बाकीची गेली कुठे? काही नष्ट झाली, आणि पुष्कळशी पेशीच्या केंद्रकात राहायला गेली. हे स्थलांतर आजही चालू आहे, आणि ते डोळ्यांसमोर पकडणारा प्रयोग तंबाखूवरच झाला. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकात एक खास जनुक घातलं. एका प्रतिजैविकापासून रोपाला वाचवणारं हे जनुक असं रचलेलं होतं, की ते केंद्रकात पोचलं तरच काम करील. मग या झाडांचे पराग साध्या झाडांच्या फुलांवर टाकले. तंबाखूत परागातून हरितलवक जवळजवळ कधीच पुढे जात नाहीत, त्यामुळे रोप वाचलं तर त्याचा अर्थ एकच: ते जनुक हरितलवकातून उडी मारून केंद्रकात गेलं. अडीच लाखांच्या आसपास रोपं प्रतिजैविकावर वाढवली आणि सोळा जगली. सोळा हजार परागांमागे एक! २००३ साली हे प्रसिद्ध झालं. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वी कधीतरी घडून गेलेलं काही, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगतो.

याचा परिणाम असा, की हरितलवकाचा संसार आज दोन ठिकाणी वाटलेला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे प्रथिन घ्या. त्याच्या मोठ्या भागाचा आराखडा हरितलवकाच्या डीएनएत, तर लहान भागाचा केंद्रकात. दोन्हीकडचे भाग जुळले तरच काम होतं. ही वाटणी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

हरितलवकाचा संपूर्ण डीएनए पहिल्यांदा वाचला गेला तो १९८६ साली. जपानमध्ये एकाच वर्षी दोन गटांनी तो पूर्ण केला. एकानं लिव्हरवर्ट या शेवाळासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीचा, आणि नागोया विद्यापीठातल्या मासाहिरो सुगिउरा यांच्या गटानं तंबाखूचा. तेव्हापासून वांग्याच्या कुळात तुलना करायची झाली, की तंबाखूच्या त्या मजकुराशी ताडून पाहण्याची रीतच पडली.

हा मजकूर वर्तुळाकार मांडला जातो आणि त्याची रचना मजेशीर आहे. 'रामाला भाला मारा' हे वाक्य आपण लहानपणी उलटसुलट वाचून दाखवायचो. 'रामाला' हा एक तुकडा, मध्ये 'भा', आणि पुढे 'लामारा' हा पहिलाच तुकडा उलटा. हरितलवकात अगदी असंच आहे: सुमारे पंचवीस हजार अक्षरांचा एक तुकडा, मध्ये अठरा हजारांचा लहान भाग, मग तोच पंचवीस हजारांचा तुकडा पुन्हा, उलट्या दिशेनं आणि डीएनएच्या समोरच्या धाग्यावर. उरलेली शहाऐंशी हजार अक्षरं या दोन टोकांना जोडून वर्तुळ पुरं करतात. दोन प्रती असल्याचा फायदा असा, की एकीत चूक झाली तर दुसरीवरून ती दुरुस्त होऊ शकते. म्हणून या दुहेरी भागात बदल सगळ्यात सावकाश साठतात.

आता लांब्या पाहा. तंबाखू १,५५,९४३ अक्षरं. टोमॅटो १,५५,४६१. बेलाडोना, म्हणजे डोळ्याची बाहुली मोठी करणारं अॅट्रोपिन जिच्यात सापडलं ती युरोपातली विषारी वनस्पती, १,५६,६८७. मिरची १,५६,७८१. बटाटा सुमारे १,५५,३००, आणि वांगं त्याहून थोडं कमी. यांच्या केंद्रकातला डीएनए मात्र कुठल्या कुठे जातो: टोमॅटोचा सुमारे ९० कोटी अक्षरांचा, मिरचीचा साडेतीनशे कोटींच्या घरात, तंबाखूचा त्याहूनही मोठा. केंद्रकात चौपट-पाचपट फरक आणि हरितलवकात दोन टक्केही नाही. जनुकंही तीच, आणि त्यांचा क्रमही जवळपास तोच.

मग तुलना कशाची करायची? जुन्या पोथ्यांचे पाठभेद कसे लावतात ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे काम लगेच कळेल. एकाच ग्रंथाच्या दहा नकला समोर ठेवायच्या, ओळीखाली ओळ लावायची, आणि कुठे अक्षर बदललंय, कुठे शब्द गळलाय, कुठे दोनदा लिहिला गेलाय ते टिपायचं. दोन नकलांत नेमकी तीच चूक सापडली, तर त्या एकाच जुन्या नकलेवरून उतरवल्या असणार. डीएनएच्या ओळीही अशाच एकाखाली एक लावतात. उदाहरण म्हणून एक काल्पनिक तुकडा घेऊ:

तंबाखू: जीएटीटीटीटीटीसीए
टोमॅटो: जीएटीटीटीटीसीए
बटाटा: जीएटीटीटीटीसीए

टोमॅटो आणि बटाटा या दोघांत एक 'टी' कमी आहे. नक्कल करताना एकाच अक्षराची लांब रांग आली, की पेशीतली यंत्रणा हमखास घसरते, एखादं अक्षर जास्त किंवा कमी पडतं. सलग तेच अक्षर लिहीत गेलं की आपणही मोजायला चुकतो, तसंच. अशा जागा म्हणूनच पटकन बदलतात, आणि जवळच्या जातींत भेद करायला त्याच उपयोगी पडतात. त्यांच्यावर फार भरवसाही ठेवता येत नाही, कारण दोन वेगळ्या घराण्यांत तीच घसरण आपापली होऊ शकते.

बदल सगळीकडे सारखे नसतात. प्रकाशसंश्लेषणाच्या जनुकांत अक्षर बदललं आणि प्रथिन बिघडलं, तर रोप जगत नाही. त्यामुळे तिथला मजकूर लाखो वर्षं तसाच राहतो. दोन जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागांत मात्र फरक साठत जातात. काही जनुकं तर मरूनही जागेवरच आहेत. इन्फए नावाचं एक जनुक तंबाखूत आणि त्याच्या भावंडांत मोडकळीला आलेलं दिसतं. वाचलं तर ओळखू येतं, पण त्यातून प्रथिन बनत नाही. हेच जनुक सपुष्प वनस्पतींच्या कितीतरी घराण्यांत असं स्वतंत्रपणे निकामी झालंय, आणि काहींत त्याची केंद्रकातली प्रत काम सांभाळताना सापडली आहे.

आता आईची गोष्ट. ती समजायला कुळाबाहेरच्या एका ओळखीच्या झाडाकडे जाऊ: गुलबक्षी. संध्याकाळी उमलणारी, मिऱ्यासारख्या काळ्या सुरकुतलेल्या बिया धरणारी. तिच्या काही झाडांवर एक फांदी पूर्ण हिरवी, एक पांढुरकी आणि एक हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांची असते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी अशा गुलबक्षीवर संकर केले आणि १९०९ मध्ये निष्कर्ष मांडले. हिरव्या फांदीवरच्या फुलाला पराग कुठल्याही फांदीचा द्या, रोपं हिरवीच. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला हिरव्या फांदीचा पराग द्या, तरी रोपं पांढरी, आणि चार दिवसांत मरणारी. पानाचा हिरवेपणा फक्त आईकडून येत होता. हरितलवक बीजांडातून पुढे जातात, परागातून सहसा नाही. वांग्याच्या कुळातही हाच नियम आहे. तंबाखूत क्वचित एखाद्या बीजात बापाचे हरितलवक निसटून येतात, पण ते लाखात एखाद्या वेळी.

म्हणून हरितलवकाचा डीएनए म्हणजे आईची, आजीची, पणजीची सरळ रेघ. आणि शेतातल्या तंबाखूला आई कोण, हे त्याच रेघेनं सांगितलं. निपाणी भागात पिकतो तो तंबाखू मुळात संकरातून जन्मलेला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या दोन रानटी जातींचे पूर्ण जनुकसंच त्याच्या केंद्रकात एकत्र आहेत. २००६ साली त्या दोन्ही रानटी जातींचे हरितलवक वाचले गेले. एकीच्या डीएनएत शेतातल्या तंबाखूपेक्षा हजाराहून अधिक जागी फरक निघाला. दुसरी, जिचं शास्त्रीय नाव निकोटिआना सिल्व्हेस्ट्रिस, तिच्यात दीड लाख अक्षरांमध्ये फक्त सात जागी. सात! आई सापडली.

बटाट्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि ती आपल्यापर्यंत येऊन पोचते. बटाटा हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. पण कंद कुठल्या घराण्याचा आला? दक्षिण अमेरिकेत लागवडीचे दोन मोठे गट आहेत, एक अँडीज पर्वतातला आणि दुसरा चिलीच्या दक्षिण किनाऱ्याकडचा. चिलीकडच्या बटाट्यांच्या हरितलवकात एका ठिकाणी २४१ अक्षरं सलग गळलेली असतात. अँडीजच्या बहुतेक बटाट्यांत ती शाबूत असतात. पोथीतून जणू एक पान हरवलेलं, आणि ज्या ज्या नकलेत ते पान नाही तिची आई कुठली ते कळतं.

बराच काळ असं मानत की युरोपात आधी अँडीजचा बटाटा रुजला, १८४५ नंतरच्या करपा रोगात तो बुडाला, आणि मग चिलीचा बटाटा आणला गेला. हे तपासायला अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड स्पूनर आणि त्यांच्या सहकारी मर्सेडीस एम्स यांनी वनस्पतिसंग्रहालयांतल्या कागदावर चिकटवलेल्या, शे-दोनशे वर्षं वाळलेल्या बटाट्याच्या पानांतून डीएनए काढला. इतक्या जुन्या पानात डीएनए तुटून बारीक झालेला असतो. पण पानाच्या एका पेशीत हरितलवक पुष्कळ आणि प्रत्येकात डीएनएच्या अनेक प्रती, त्यामुळे एवढा तुकडा तरी हाती लागतोच. २००८ मध्ये निकाल आला: अँडीजचा बटाटा अठराव्या शतकात युरोपभर होता आणि १८९२ पर्यंत टिकून होता. चिलीचा बटाटा मात्र १८११ मध्येच युरोपात दिसतो, करप्याच्या कितीतरी आधी. रोगामुळे घराणं बदललं ही सरळ गोष्ट वाळक्या पानांनी मोडीत काढली.

भारतातले जुने वाण हे अँडीजहून आलेल्या पहिल्या बटाट्यांचे अवशेष असावेत, अशीही समजूत होती. २००५ साली त्यांचे केंद्रकातले आणि हरितलवकातले खुणेचे भाग तपासले, तेव्हा त्यांचं नातं बहुतांशी चिलीशी निघालं. आपल्या ताटातल्या भाजीचा इतका लांबचा पत्ता पानातल्या एका गाळलेल्या तुकड्यावरून लागावा, याचं मला अजून नवल वाटतं.

टोमॅटोचं नावही याच वाचनामुळे बदललं, किंवा खरं तर परत मिळालं. लिनियसनं १७५३ मध्ये टोमॅटोला वांगी-बटाट्यांच्या सोलॅनम या प्रजातीत ठेवलं होतं. नंतर फिलिप मिलर यांनी त्याला लायकोपर्सिकॉन अशी वेगळी प्रजाती दिली, आणि दोनशे वर्षं पुस्तकांत तीच चालली. १९९३ मध्ये स्पूनर यांच्याच गटानं हरितलवकाच्या डीएनएवरून दाखवलं, की टोमॅटो आणि बटाटा अगदी जवळची भावंडं आहेत, आणि टोमॅटोला सोलॅनमच्या बाहेर ठेवणं म्हणजे सख्ख्या भावाला घराबाहेर बसवणं. आज टोमॅटो पुन्हा सोलॅनम लायकोपर्सिकम आहे.

पण आईकडची नोंद एकट्या आईचीच असते, हेही विसरून चालत नाही. २०२५ मध्ये केंद्रकातल्या डीएनएच्या अभ्यासातून पुढे आलं, की बटाट्याचं अख्खं घराणंच सुमारे नव्वद लाख वर्षांपूर्वीच्या एका संकरातून निघालंय. टोमॅटोचे पूर्वज एका बाजूला, आणि कंद न धरणारी पण बटाट्यासारखी दिसणारी एक वनस्पती दुसऱ्या बाजूला. कंद धरण्यासाठी लागणारी जनुकं दोन्हीकडून थोडी थोडी आली आणि एकत्र आल्यावर जमिनीखाली बटाटा लागला. हे फक्त हरितलवक वाचून कधीच कळलं नसतं.

आणि आता ती वाटणी, केंद्रकात आणि हरितलवकात विभागलेला संसार. बेलाडोना आणि तंबाखू यांचे हरितलवक किती सारखे ते आपण पाहिलं. मग एकाचे हरितलवक दुसऱ्याच्या पेशीत घातले तर? पेशींच्या भिंती विरघळवून आतले भाग एकत्र करण्याचं तंत्र वांग्याच्या कुळात फार चांगलं चालतं, आणि असे प्रयोग झाले. तंबाखूचं केंद्रक आणि बेलाडोनाचे हरितलवक अशी रोपं हिरवीगार वाढली. उलट जोडी, बेलाडोनाचं केंद्रक आणि तंबाखूचे हरितलवक, फिकट पांढुरकी निघाली. प्रकाशावर ती स्वतःला पोसू शकेनात.

कारण २००५ मध्ये सापडलं. हरितलवकात जनुकाची आरएनए प्रत निघाल्यावर तिच्यातली काही अक्षरं दुरुस्त केली जातात: 'सी'च्या जागी 'यू' केला जातो. (डीएनएत जिथे 'टी' असतो, तिथे आरएनएत 'यू' असतो.) ही दुरुस्ती करणारी प्रथिनं केंद्रकातून येतात, आणि एकेका जागेला साधारण आपला आपला दुरुस्तीकार लागतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एका यंत्राचा भाग बनवणाऱ्या जनुकात तंबाखूकडे एका ठिकाणी 'सी' आहे, आणि तंबाखूचं केंद्रक तो दुरुस्त करतं. बेलाडोनाच्या डीएनएत त्या जागी आधीच योग्य अक्षर, म्हणजे 'टी', आहे. दुरुस्तीची गरजच नसल्यामुळे बेलाडोनाच्या केंद्रकाकडे त्या जागेचा दुरुस्तीकारही नाही. तंबाखूचे हरितलवक त्याच्या घरी आले, ती एक जागा तशीच राहिली, प्रथिनात चुकीचं अमिनो आम्ल बसलं, आणि रोप पांढरं पडलं. एका अक्षराच्या दुरुस्तीवाचून.